तीन मॅगझिन पुरेत, चौथं नको



आमच्या घरात सध्या एका आकड्यावरून वाद चालू आहे. माझ्या नणंदेची मुलगी नेमबाजी करते. आधी हवाई पिस्तूल होतं, आता तिला स्वतःच्या पॉइंट टू टू पिस्तुलाचा परवाना मिळाला आहे. पिस्तूल मागवायच्या यादीत तिने लिहिलं, जादा मॅगझिन सहा. नणंदबाईंनी यादी पाहिली आणि मला फोन केला, "वहिनी, तुम्हीच समजवा हिला. जैनाच्या घरात पिस्तूलच मुळात कशाला, त्यात वर सहा मॅगझिन?" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना वाटलं वाचायची मासिकं. म्हणाल्या, "वाचते ना पोरगी, घेऊ द्या की."

दोघी मायलेकींनी मला मध्यस्थ केलं आहे, तेव्हा माझं मत आधीच सांगते. मॅगझिन एकूण तीन असावीत. दोन वापरातली, एक राखीव. पिस्तुलाच्या पेटीत दोन येणार असतील तर जादा फक्त एक मागवावं. सहा नको आणि शून्यही नको. भाचीला सहा का नको आणि नणंदबाईंना शून्य का नको, ते आता सविस्तर सांगते. उद्या तुमच्याही घरात हा प्रश्न येऊ शकतो. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसळे ही सगळी कोल्हापूरकडची मंडळी. त्यांची पदकं बघून आपल्या गावागावांतल्या मुली रेंजवर जायला लागल्या आहेत.

आधी शब्द समजून घेऊ, कारण निम्मी भीती शब्दाचीच आहे. मॅगझिन हा शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या कानावर पहिल्यांदा पडला तो २००८ साली, मुंबईवरच्या हल्ल्याच्या बातम्यांमधून. त्यामुळे तो ऐकला की डोळ्यांसमोर नको ते येतं. प्रत्यक्षात मॅगझिन म्हणजे गोळ्या एकावर एक बसवायचा छोटा डबा. त्याच्या तळाशी स्प्रिंग असते. ती गोळ्या वर ढकलते आणि एक उडाली की दुसरी जागेवर येते. क्लिप वेगळी. क्लिप म्हणजे गोळ्या एका ओळीत धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी, तिच्यावरून मॅगझिन भरतात. आपल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षं जी थ्री नॉट थ्री रायफल होती, तिच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या बसायच्या आणि पाच-पाच गोळ्यांच्या दोन क्लिपांनी ती भरली जायची. खेळाच्या पॉइंट टू टू पिस्तुलाला अशी क्लिप लागत नाही, गोळ्या बोटांनीच एकेक करून भरतात. तेव्हा क्लिपांचा आकडा शून्य. यादीतली एक ओळ इथेच कमी झाली.

आता खेळ कसा असतो ते पाहू, कारण गरजेचा हिशेब खेळावरून काढायचा आहे. भाची खेळणार आहे तो महिलांचा २५ मीटर पिस्तूल प्रकार. राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. पात्रता फेरीत एकूण ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० अचूकतेच्या आणि पुढच्या ३० वेगाच्या. दोन्ही टप्पे पाच-पाच गोळ्यांच्या मालिकांमध्ये होतात. अचूकतेच्या टप्प्यात पाच गोळ्यांना पाच मिनिटं मिळतात. वेगाच्या टप्प्यात ३ सेकंद लक्ष्य खुलं असतं, तेवढ्यात खाली धरलेला हात वर आणून एकच गोळी मारायची. मग ७ सेकंद थांबायचं आणि पुन्हा तेच.

म्हणजे एका वेळी लागतात पाच गोळ्या. एका मालिकेला एक मॅगझिन. मालिका संपली की थांबायचं आणि पुढची आज्ञा झाली की पुढच्या पाच गोळ्या. शिस्तीने बघितलं तर एका मॅगझिनमध्येही अख्खी स्पर्धा होऊ शकते. दुसरं असलं की घाई होत नाही, बोटं थरथरत नाहीत. इथपर्यंत दोन झाली.

मग तिसरं कशाला? बिघाडासाठी. मॅगझिन ही साधी वस्तू आहे, पण नाजूक आहे. सिमेंटच्या फरशीवर पडलं की वरच्या तोंडाच्या कडा किंचित वाकतात. पॉइंट टू टूच्या गोळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे अडकली की ती गोळी नीट पुढे सरकत नाही. शिवाय या गोळ्यांच्या शिशावर मेणासारखा थर असतो. त्याचा आणि जळक्या दारूचा चिकट मळ आत साचतो. अशा वेळी गोळी अडकते आणि मालिका मध्येच तुटते. स्पर्धेत अशी अडचण पंचांना दाखवता येते, पण मर्यादित वेळाच. सदोष मॅगझिन बाजूला ठेवून दुसरं हाताशी असलं पाहिजे. ते राखीव म्हणून तिसरं. तीनचा हिशेब असा आहे.

हा हिशेब आपल्याला नवा नाही. गॅसच्या बाबतीत आपण हेच करतो. एक सिलिंडर चालू, एक भरून ठेवलेला. कुकरची एक रिंग लावलेली आणि एक डब्यात. चालू वस्तू दगा देईल तेव्हा चूल विझू नये एवढ्यासाठी एक राखीव. दहा रिंगा घेऊन ठेवणारी बाई कोणी बघितली आहे का? बघितलीच तर तिच्या डब्यात पाच वर्षांनी रबर कडक होऊन तडकलेलं मिळतं.

आता भाचीच्या बाजूचे मुद्दे. ती हुशार आहे, तिने तीन मुद्दे मांडले. तिन्ही ऐकण्यासारखे आहेत.

पहिला मुद्दा असा, की हे पिस्तूल परदेशातून येतं. या खेळाची नामांकित पिस्तुलं इटली, जर्मनी, स्वित्झर्लंडकडची. एकदा मागवलं की सुट्या भागासाठी पुन्हा परवानगी, पुन्हा वाट बघणं, पुन्हा खर्च. मग एकदाच जास्त का मागवू नये? मुद्दा खरा आहे. पण त्यातून मॅगझिनचा आकडा वाढत नाही, सुट्या भागांची यादी नीट करायची गरज निघते. नेमबाजाचा खेळ थांबतो तो फायरिंग पिन तुटल्याने, एखादी स्प्रिंग गेल्याने, एखादा स्क्रू हरवल्याने. सहा मॅगझिन आहेत आणि पिन एकच, तर पिन तुटल्यावर त्या सहांचं करायचं काय? टोकियो ऑलिंपिकमधलं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. मनू भाकरच्या हवाई पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला. ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली आणि अंतिम फेरी हुकली. त्या प्रकारात मॅगझिन नसतंच, दगा दिला तो पिस्तुलातल्या भागाने. तीन वर्षांनी, २०२४ साली, तिने पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं जिंकली ती गोष्ट वेगळी. पण बिघाड कुठे होतो ते बघून राखीव वस्तू ठेवायची, हे त्या प्रसंगातून शिकावं. चौथ्या, पाचव्या मॅगझिनचे पैसे पिन, स्प्रिंग आणि साफसफाईच्या साहित्याला जाऊ देत.

दुसरा मुद्दा, सरावाचा. "मामी, सहा भरून नेली की रेंजवर वेळ वाचतो." रेंजवरचा वेळ भाड्याचा असतो, हे मान्य. पण गोळ्या भरायच्या त्या रेंजवर, आपल्या जागेवर, आज्ञा झाल्यावर. घरून भरलेली मॅगझिन पिशवीत घालून एसटीने खुलताबादहून संभाजीनगरला नेणं मला कोणत्याच हिशेबात बसत नाही. आणि मालिकांच्या मध्ये गोळ्या भरायचा जो वेळ असतो, तो वाया जात नसतो. दंड खाली येतो, श्वास जागेवर येतो, आधीच्या पाच गोळ्या कुठे गेल्या याचा विचार होतो. ज्याच्याकडे सहा भरलेली असतात तो विचार न करता तीस गोळ्या उडवून मोकळा होतो. सराव झाल्यासारखा वाटतो, खर्ची मात्र गोळ्याच पडतात. गोळ्यांना पैसे लागतात आणि त्यांची मर्यादाही परवान्यावर लिहिलेली असते.

तिसरा मुद्दा, "असू देत की, पडून राहतील, कुठे खायला मागतात?" या मुद्द्याला मी सगळ्यात जास्त घाबरते. कपाटातल्या साड्यांबद्दल आपण हेच म्हणतो. पण मॅगझिन साडीसारखं नाही. प्रत्येक जादा मॅगझिन मोजावं लागतं, कुलपात ठेवावं लागतं, पुसावं लागतं आणि ते रिकामं आहे ना याची खात्री दर वेळी करावी लागते. तीन वस्तूंची खात्री एका नजरेत होते. आठांपैकी सात रिकामी दिसली आणि आठवं पिशवीच्या कप्प्यात राहिलं, तर?

यापेक्षाही मोठं कारण दोष शोधण्याचं आहे. मॅगझिनवर रंगाने किंवा पट्टी चिकटवून १, २, ३ असे आकडे टाकावेत. गोळी अडकली की वहीत लिहायचं, कोणत्या आकड्याला अडकली. दर वेळी २ नंबरलाच अडकत असेल तर दोष त्या मॅगझिनचा. ते साफ करायचं, नाही सुधारलं तर वापरातून काढायचं. तिन्हीला अडकत असेल तर दोष गोळ्यांचा किंवा पिस्तुलाचा. तीन असली की महिन्याभरात उलगडा होतो. आठ असली की अडकलेलं बाजूला टाकून दुसरं उचललं जातं, दोष कुठला ते कळतच नाही आणि नेमका स्पर्धेच्या दिवशी तो हातात येतो. जास्त साठ्याने दोष झाकला जातो. स्वयंपाकघरात धान्याचे फार डबे असले की कोणत्या डब्यात टोके झाले ते कळायला वेळ लागतो, तसंच हे.

आता नणंदबाईंच्या बाजूला येते. त्यांचा प्रश्न अवघड आहे आणि मनापासूनचा आहे. "तीन म्हणा नाहीतर सहा, संख्या ठरवली म्हणजे पिस्तुलाला होकारच दिला ना? आपला धर्म अहिंसेचा."

माझं उत्तर असं, की संख्या ठरवणं हाच श्रावकाचा मार्ग आहे. मुनींचं महाव्रत असतं, तिथे परिग्रह पूर्ण सुटतो. आपण घरात राहणाऱ्या बायका. आपल्याला अणुव्रत सांगितलं आहे, परिग्रह परिमाण. ज्याच्याकडे वस्तू आहेत त्यानेच त्यांची सीमा बांधायची असते. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचे अतिचार सांगितले, त्यांत अतिसंग्रह आहे. तत्त्वार्थसूत्रात अनर्थदंड विरतीच्या अतिचारांत उपभोगपरिभोगानर्थक्य आहे, म्हणजे गरजेपेक्षा जास्त वस्तू गोळा करून ठेवणं. साठवणं हा नुसता लोभाचा दोष नाही, विनाकारण पापाला वाट करून देण्याचाही दोष आहे, हे आपल्या आचार्यांनी बारकाईने पाहिलं होतं. भाचीच्या यादीतला चार ते आठ नंबरचा प्रत्येक डबा या शब्दात बसतो. पहिले तीन मात्र बसत नाहीत, कारण त्यांची गरज मोजून दाखवता येते.

अहिंसेचं म्हणाल तर संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून जीव घेणं, श्रावकाला वर्ज्य आहे. भाचीच्या समोर असतो तो एक गोल, कागदाचा किंवा इलेक्ट्रॉनिक. त्यात जीव नाही. शिकारीला जाणारा नेमबाज आणि ही, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि ते अंतर राहावं हेही आपल्याच हातात आहे. पक्ष्यावर नेम धरणार नाही, चित्राच्या रूपातल्या माणसावर किंवा प्राण्यावरही धरणार नाही, असा नियम तिने घ्यावा. एवढं मी तिला नक्की सांगणार आहे.

आपल्या गावाजवळचीच गोष्ट घ्या. वेरूळला आपल्या लेण्यांत, इंद्रसभेत, बाहुबली उभे आहेत, अंगावर वेली चढलेल्या. भरत आणि बाहुबली, दोघांची सैन्यं समोरासमोर आली तेव्हा मंत्र्यांनी ठरवलं, हजारो जीव कशाला जायचे, दोघा भावांनीच आपसात निकाल लावावा. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. रक्त न सांडता जिंकायचं, तेही मोजून तीन प्रकारांत. ही स्पर्धाच होती. बिघडलं कधी? तिन्हींत हरल्यावर भरताने चक्र सोडलं तेव्हा. चक्र ठरलेल्या तीनमध्ये नव्हतं, पण हाताशी होतं. बाहुबलींना त्या चक्राने काही झालं नाही, पण भरताची मान खाली गेली. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकते आहे. हाताशी असलेली जादा वस्तू रागाच्या क्षणी काय करायला लावते, हे मला तीत दिसतं.

सरकारलाही संख्या बांधावी लागली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि साध्या परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आल्या. खेळाडूंसाठी वेगळी सवलत आहे. न्यूझीलंडने त्याच वर्षी, क्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्यानंतर, मोठ्या मॅगझिनवर बंदी आणली. कायद्याची सीमा सगळ्यांसाठी सारखी असते आणि ती बाहेरून येते. व्रताची सीमा प्रत्येकीने आपली गरज बघून स्वतः घालायची असते. कायदा सवलत देतो म्हणून ती पूर्ण वापरलीच पाहिजे असं नाही.

ज्यांच्या मुली नुकत्या सुरुवात करत आहेत त्यांच्यासाठी चांगली बातमी, तुमचा आकडा शून्य आहे. १० मीटर हवाई पिस्तूल आणि रायफलच्या स्पर्धेत एका वेळी एकच छर्रा भरतात. ६० छर्रे, ७५ मिनिटं. ०.१७७ इंची, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवाई बंदुकीला आपल्याकडे परवानाही लागत नाही. बाजारात काही हवाई रायफलींना गोल फिरतं मॅगझिन येतं, मुलं त्याचा हट्ट धरतात. स्पर्धेच्या सरावाला त्याचा उपयोग नाही. राखीव ठेवायचंच तर हवेचं एक सिलिंडर ठेवा, तेही एकच. त्यावर उत्पादकाने मुदत दिलेली असते आणि ती वापरलं नाही तरी संपत जाते. आणि पहिलं वर्षभर क्लबचंच साहित्य वापरू द्या. आवड टिकते की नाही ते कळतं, पैसे वाचतात.

शेवटी, दोघींसमोर मी जे ठेवणार आहे ते असं. तीन मॅगझिन, आकडे घालून. पिस्तूल एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, किल्ल्या नणंदबाईंकडे. मॅगझिन घरात कायम रिकामी. कोणी मैत्रिणीने मागितलं तरी यातली एकही वस्तू उसनी द्यायची नाही. कायदाही तेच सांगतो, आणि हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं आपल्याकडे हिंसादान म्हणून अनर्थदंडात धरलं आहे. वहीच्या पहिल्या पानावर वस्तूंची संख्या आणि तारीख लिहायची. तीनपैकी एक खराब झालं तर चौथं घ्यायचं, पण आधी ते खराब झालेलं रीतसर काढून टाकून.

नणंदबाईंना मी एवढंच म्हणेन, ताई, पोरगी ज्या खेळात श्वास रोखून मन स्थिर करायला शिकते आहे, तो खेळ एका यादीपायी बंद करू नका. आणि भाचीला म्हणेन, बाळा, सहा मॅगझिनांनी नेम सुधारत नाही. आईचा विश्वास तीनमध्ये मिळत असेल तर सौदा स्वस्त आहे.

तुमच्या घरात मुलीचा कुठलाही छंद असो, यादी हातात आली की आधी गरज मोजा, मग एक राखीव धरा आणि तिथे रेघ ओढा.

जय जिनेंद्र.